तलाठी आप्पांची काउंटी

कळवणहून वणीला जाताना कुठल्या वळणावर कुणाची विहीर लागते, हे आप्पांना तोंडपाठ होतं, यात नवल काही नाही. सगळी उमर तलाठीपणात गेलेल्या माणसाला तेवढं यायलाच हवं. नवल याचं, की अमेरिकेतल्या ड्रेटन काउंटीच्या कोर्टातून निघून नदीकाठच्या पिठाच्या गिरणीपर्यंत कसं जायचं, तेही त्यांना तितकंच पाठ होतं. "कोर्टाच्या पायऱ्या उतरायच्या. डाव्या हाताला लोहाराचं दुकान. तिथून दोन मैल सरळ. मधी ओढा लागतो, त्याच्यावर लाकडी पूल हाय. पूल ओलांडला की उजवीकडं वळायचं, पाण्याचा आवाज येतोच," असं ते सांगू लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस कालच तिकडचा पंचनामा उरकून आलाय. प्रत्यक्षात आप्पांनी मुंबईसुद्धा एकदाच पाहिली होती, आणि ती त्यांना मुळीच आवडली नव्हती.

मी तलाठी म्हणून कळवण तालुक्यात रुजू झाले तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मी नाशिक शहरात वाढलेली, डोंगर सहलीपुरते पाहिलेले. बाई तलाठी आलीय म्हटल्यावर पहिला महिनाभर लोक उतारा घ्यायला कमी आणि मला बघायला जास्त येत. तहसील कचेरीतल्या साहेबांनी मला काम शिकायला आप्पांकडे पाठवलं. त्यांचं खरं नाव पगाराच्या बिलावर असेल तेवढंच. आमच्याकडे तलाठ्याला आप्पा म्हणतात, पण तालुक्यातल्या इतक्या तलाठ्यांत नुसतं 'आप्पा' म्हटलं की हेच, असा त्यांचा मान होता. पांढरी टोपी, खांद्याला दप्तराची पिशवी, कानावर पेन्सिल. त्यांनी मला पहिल्या दिवशी नखशिखांत पाहिलं आणि विचारलं, "ताई, चालता येतं का?" मी चिडून म्हटलं, "म्हणजे काय?" ते म्हणाले, "मग झालं. लिहायचं काय, कुणीबी शिकतं."

कानावरची पेन्सिल शोभेची नव्हती. आप्पांचं अक्षर म्हणजे मोती, आणि ते मोती शाईत उतरण्याआधी पेन्सिलीतून जात. नोंदीत कुठे जरा शंका आली की ते समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहीत: 'जागेवर जाणे'. मग खरोखरच जागेवर जात, बघून येत, पेन्सिल खोडत आणि शाईने लिहीत. माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीचे समास या दोन शब्दांनी इतके भरले होते की मला ती वही बघूनच पाय दुखल्यासारखं व्हायचं. मी एकदा वैतागून म्हटलं, "आप्पा, सगळीकडेच गेलं पाहिजे का? कोतवालाला विचारून लिहिलं तर काय बिघडतं?" त्यांनी नुसती टोपी काढली आणि डोकं खाजवलं. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

काउंटीचं पुस्तक त्यांना नाशिकला रद्दीच्या दुकानात सापडलं होतं. ते विकायलाही ठेवलेलं नव्हतं. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून दुकानदाराने गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवलेलं ते जाडजूड इंग्रजी बाड होतं. आप्पा कोर्टाच्या तारखेला गेले होते. जाता जाता त्यांनी ते सहज उघडलं आणि आत घडी घातलेला नकाशा निघाला. नकाशा दिसला की तलाठ्याचे पाय थांबतातच. आयोवा नावाच्या राज्यातल्या एका काउंटीचा, म्हणजे आपल्या तालुक्याएवढ्या मुलखाचा तो इतिहास होता. तिथल्याच कुणीतरी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लिहिलेला. आप्पांचं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं. शब्दकोश शेजारी ठेवून, रोज पान-अर्धं पान करत, त्यांनी ते चारशे पानांचं पुस्तक चार वर्षांत वाचून काढलं आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

त्या पुस्तकातलं त्यांना काय आवडत नसे, ते विचारा. नजर पोचेल तिथवर गवत, आणि ते इतकं उंच की घोड्यावरचा माणूसही त्यात दिसेनासा व्हायचा. दोन नद्या, त्यांच्या संगमावर पहिलं गाव. मग सरकारने सगळा मुलूख साखळीने मोजून चौकोन पाडले, सहा मैल बाय सहा मैल, आणि त्याचे पुन्हा छत्तीस लहान चौकोन. "बांध सरळ! सगळे सरळ!" आप्पा कपाळावर हात मारून म्हणत. "आणि आपले गट बघा, शेंबड्या पोरानं पाटीवर काढल्यावानी." त्या छत्तीस चौकोनांतला सोळा नंबरचा आधीच शाळेसाठी राखून ठेवलेला असे, याचं तर त्यांना फार अप्रूप. गायरानात शाळेला जागा मागायची वेळ आली की ते ग्रामसभेत उठून ड्रेटन काउंटीचा दाखला देत. सरपंच बिचारा गोंधळून विचारायचा, "आप्पा, हे गाव कोणत्या तालुक्यात येतं?"

एके दिवशी ते सकाळी सकाळी कचेरीत आले ते लग्नघरातून आल्यासारखे. "ताई, सापडलं! त्यांची साखळी सहासष्ट फुटांची. आपली जुनी तेहतीसची. बरोब्बर निम्मी! म्हणून त्यांचा एकर आणि आपला एकर एकच. मोजणारा साहेब दोन्हीकडं एकाच घरचा हाय." मला त्यात एवढं नाचण्यासारखं काय, ते कळलं नाही. पण त्यांनी बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर पाच जणांना गाठून हे ऐकवलं, आणि पाचही जणांनी कांद्याचा भाव विसरून ऐकलं.

टपरीवर सगळ्यात जास्त मागणी होती ती दप्तर पळवण्याच्या गोष्टीला. ड्रेटन काउंटीत मुख्य ठाणं कुठल्या गावात असावं यावरून दोन गावांत वाद पेटला, आणि एका गावच्या लोकांनी भर दुपारी बैलगाडी आणून दुसऱ्या गावचं सगळं दप्तर उचलून नेलं. जिथे दप्तर तिथे ठाणं. हे सांगताना आप्पा स्वतःची पिशवी पोटाशी धरत. रेल्वेचाही एक किस्सा होता. रूळ तीन मैल लांबून गेले म्हणून एक नांदतं गाव बघता बघता ओस पडलं. "नांदगावला रूळ मिळाले, कळवणला नाय मिळाले. पण कळवण उठलं का? नाय ना? मग त्या गावाचं चुकलं कुठं?" असा प्रश्न ते टाकत, आणि मंडळी आपल्याच तालुक्यातला वाद असल्यासारखी त्यावर भांडत.

पण त्यांनी त्या पुस्तकातून खरी उचलली ती एक पद्धत. तिथल्या मोजणीदाराने चौकोनाच्या कोपऱ्यावर खूण पुरली की जवळच्या दोन-तीन झाडांची नोंद करायची: झाड कोणतं, खुणेपासून किती अंतरावर, कोणत्या दिशेला. खूण कुणी उपटली तरी झाड सांगेल. त्या झाडांना ते साक्षीदार झाडं म्हणत. आप्पा म्हणाले, "आपले पंच सही करतात आणि दुसऱ्या दिवशी फिरतात. झाड फिरत नाय." तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक पंचनाम्यात पंचांच्या नावाखाली एक ओळ जास्तीची असे: हद्दीपासून बारा पावलांवर पूर्वेस मोह, वीस पावलांवर जुना हिरडा. साहेब हसायचे. आप्पा म्हणायचे, "हसा, पण खोडू नका."

ते निवृत्त झाले तेव्हा शाल-नारळ झालं, भाषणं झाली. मला वाटलं, आता माणूस घरी बसून काउंटीत सुखाने राहील. पण एका दुपारी ते पुस्तक घेऊनच माझ्या कचेरीत आले. त्यांनी पान अकरा उघडलं आणि एका ओळीखाली बोट ठेवलं. मी वाचलं. त्या भागातले मूळचे लोक निघून गेले आणि मग वस्तीला सुरुवात झाली, असा त्याचा मतलब होता. चारशे पानांत त्या लोकांबद्दल एवढंच. आप्पा म्हणाले, "पहिल्या लोहाराचं नाव हाय. पहिली म्हैस, म्हणजे गाय, कुणी आणली, त्याचंबी नाव हाय. आणि हे निघून गेले म्हणजे कुठं गेले? का गेले? किती जण? ही काय नोंद झाली?"

त्यांना पत्र लिहायचं होतं. ड्रेटन काउंटीच्या दप्तराला. मी इंग्रजीत मजकूर केला, कचेरीसमोरच्या टायपिंगवाल्याकडून टाइप करून घेतला. आप्पांनी विषय आणि संदर्भ घातल्याशिवाय सही करायला नकार दिला. विषय: मूळ रहिवाशांबाबत. संदर्भ: आपल्या काउंटीचा इतिहास, पान अकरा. जावक क्रमांकही हवा होता. मी म्हटलं, खासगी पत्राला जावक क्रमांक नसतो. "मग पोचलं नाय तर शोधणार कशावरून?" शेवटी मी एक खोटा आकडा टाकला. सरकारी नोकरीत मी केलेलं हे पहिलं गैरकृत्य, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

उत्तर येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पाच महिन्यांनी आलं. तिथलं जुनं दप्तर सांभाळणाऱ्या एका वृद्ध बाईंनी हाताने लिहिलेलं, सोबत काउंटीचा नवा नकाशा. मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. कोर्टाची इमारत अजून आहे. गिरणी पुरात वाहून गेली. हे ऐकून आप्पा "अरेरे" म्हणाले, जणू गिरणी शेजारचीच होती. मग शेवटचा परिच्छेद आला. बाईंनी लिहिलं होतं: ते निघून गेले नाहीत, त्यांना पश्चिमेला नेण्यात आलं. त्यांची नावं आमच्या दप्तरात नाहीत. मी इथे इतकी वर्षं काम करते, पण हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

आप्पांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "ताई, करवंदीच्या पाड्याची फाईल काढता का?"

करवंदीचा पाडा तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटात. अकरा घरं, सगळी कोकणा आदिवासींची. डोंगरउतारावर नागली, वरई आणि खालच्या खाचरात भात. जमीन पिढ्यान् पिढ्या कसलेली, पण कागदावर जंगलाची. फाईलमध्ये आप्पांच्याच अक्षरातला, तेव्हा पंधराएक वर्षं जुना झालेला अहवाल होता. जंगलाची जमीन कोण कसतं, याची यादी वरून मागवली होती. आप्पांनी लिहिलं होतं: 'पाड्यावर कोणी आढळले नाही. लोक गाव सोडून निघून गेले आहेत.' अक्षर अगदी मोत्यासारखं.

"भादव्यात जायला पाहिजे होतं," आप्पा म्हणाले. "पीक उभं असताना. पण चिखल, ओढ्याला पाणी. मी म्हणालो, दिवाळी होऊ दे. गेलो पौषात. दाराला काट्याच्या फांद्या लावलेल्या, कुत्रंबी नाय. सगळे द्राक्षबागांवर मजुरीला, जगायला गेलेले." हातातली टोपी त्यांनी दोनदा फिरवली. "मला माहीत नव्हतं असं नाय, ताई. हे सगळ्यात वाईट. दर साली जातात आणि पावसाच्या तोंडावर येतात, मला पक्कं माहीत होतं. पण छापील नमुन्यात तसा रकाना नव्हता. आणि मला पुन्हा चढायचं नव्हतं."

मला त्या दिवशी त्यांचा राग आला, हे लिहूनच टाकते. माझ्या वहीचा एक समास मोकळा न सोडणारा हा माणूस, आणि स्वतः अकरा घरांवर असा शाईचा फराटा ओढून मोकळा झाला होता. त्या एका ओळीमुळे जंगलखात्याचे लोक दर पावसाळ्यात येऊन त्यांना हुसकत होते: तुमचं नाव यादीत नाही, तुम्ही कालचे आलेले. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "बोला. बोललंच पाहिजे."

पुढच्या आषाढात आम्ही दोघं पाड्यावर गेलो. चिखल घोट्यावर होता, आप्पांचं वय साठ. बायका नागली लावत होत्या. सोनीबाई नावाची एक म्हातारी कंबर सरळ करून उभी राहिली. आप्पांनी टोपी काढून हात जोडले आणि सगळं सांगितलं, काहीही न लपवता. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "आमी कवाच नाय गेलो. जगाया गेलो व्हतो. जगाया गेलेलं मानूस परत येतंच." मग हातातली रोपं दुसऱ्या हातात घेत म्हणाली, "आता पावसात आलास ना? मग लिही."

आप्पा बांधावर बसले आणि लिहू लागले. छत्री मी धरली. घर पहिलं: नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, शेत कुठून कुठवर. हद्दीपासून अकरा पावलांवर ऐनाचं झाड, जुनं, दोन कवांचं. आज्याने लावलेला आंबा, उत्तरेस. त्यानंतर सहा वर्षं, दर आषाढात, ते पाड्यावर जाऊन ती वही पुढे चालवत राहिले. काकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, मला म्हणायच्या, "निवृत्त झाल्यावर लोक तीर्थाला जातात. हे बघा, कुठं जातात."

मग वनहक्काचा कायदा आला. पाड्याने अकरा दावे केले, आणि अपेक्षेप्रमाणे फाईलमधून तोच अहवाल वर निघाला. कसत असल्याचा पुरावा नाही, उलट पाडा ओस असल्याचा सरकारी कागद आहे. प्रांत कचेरीत सुनावणी लागली. आप्पा वही घेऊन उभे राहिले. मी मागच्या बाकावर होते. साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी एका हातात अहवाल धरला, दुसऱ्यात वही. "आप्पा, दोन्ही अक्षरं तुमचीच. यातलं खरं कोणतं?"

"वही खरी, साहेब. तो अहवाल चुकीचा."

"तुम्ही चुकीचा अहवाल दिला, असं लिहून देताय? विचार करा. तुमच्या सगळ्या नोकरीवर डाग येईल."

कचेरीत तालुक्यातले निम्मे तलाठी बसले होते. यांतल्या बहुतेकांना आप्पांनी लिहायला शिकवलं होतं. आप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डाग हायच, साहेब. मी फक्त दाखवतोय. मी पौषात गेलो आणि लिहिलं, लोक निघून गेले. ते गेले नव्हते. मीच वेळेवर गेलो नव्हतो. वहीत झाडं दिलीत. माझ्यावर विश्वास ठेवू नका, जागेवर चला आणि मोजा."

आणि साहेब गेले. हे त्यांचं मोठेपण. अकरा पावलांवर ऐन म्हटला तिथे ऐन होता. आज्याच्या आंब्याखाली उभं राहून साहेबांनी त्याच्या बुंध्याला हात लावून पाहिला. दावे मंजूर व्हायला त्यानंतरही बरेच महिने गेले. मागितली तेवढी जमीन नाही मिळाली, पण अकराही घरांची नावं कागदावर आली. आप्पांनी ती यादी माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतली. स्वतः वाचता येत नव्हती, तोवर नजर पार अधू झाली होती.

आप्पा त्याच वर्षी पौषात गेले. अंत्ययात्रेला सगळा तालुका लोटला. पाड्यावरून मात्र कुणी आलं नाही. दहाव्यालाही नाही. मला ते इतकं लागलं की मी काकूंसमोर बोलून गेले, "ज्यांच्यासाठी एवढं केलं, त्यांच्यातलं एक माणूस यायला नको?" काकू डोळे पुसत म्हणाल्या, "अहो ताई, पौष नाही का? ते जगायला गेलेत." हे मी विसरावं! आप्पांच्या हाताखाली शिकून मीही पौषात बसून नोंद करायला निघाले होते.

पावसाच्या तोंडावर ते आले. अकरा घरांतून अकरा माणसं, चालत, प्रत्येकाच्या फडक्यात मूठ-मूठ नागली. सोनीबाई दाराशी बसली, आत यायला तयार नव्हती. काकू बाहेर येऊन तिच्याशेजारी बसल्या.

मी निघाले तेव्हा काकूंनी मला ते पुस्तक दिलं. "तुमच्याकडं राहू द्या. मला काय कळतंय त्यातलं." मी बसमध्ये बसले आणि पान अकरा उघडलं. निघून गेलेल्या माणसांच्या त्या ओळीसमोर, समासात, पेन्सिलीने लिहिलेलं होतं. अक्षर मोठं, वाकडं, नजर अधू झाल्यानंतरचं. दोनच शब्द. 'जागेवर जाणे.'